आमच्या गावात नदी नाही

गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच पंधरवड्यात मी नववीच्या मुलांना मराठीचा निबंध दिला. विषय जुनाच : 'माझे गाव'. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठी आमच्या मुलांना परकी नाही. बाजारात, एसटीत, दवाखान्यात ती रोज बोलतात. पण लिहायची वेळ आली की हात थबकतो, म्हणून मुद्दाम सोपा विषय निवडला. गाव प्रत्येकाला असतेच, निदान त्याबद्दल तरी चार ओळी स्वतःच्या येतील असे वाटले होते.

अडतीस वह्या तपासायला घेतल्या. पहिल्या वहीत होते, 'माझे गाव नदीकाठी वसलेले आहे. नदीचे पाणी झुळझुळ वाहते. आजूबाजूला हिरवेगार डोंगर व नारळाची झाडे आहेत.' दुसऱ्या वहीतही नदी. तिसऱ्या वहीत नदी, शिवाय होडी. दहाव्या वहीपर्यंत माझ्या टेबलावर पूर आला होता. आणि ही मुले कुठली? येवला तालुक्याची. तीही उत्तर-पूर्व पट्ट्यातली, जिथे मार्च सरला की डोळे टँकरच्या रस्त्याकडे लागतात. नदी लिहिणाऱ्यांपैकी एक मुलगा उन्हाळ्यात अनेकदा उशिरा येतो, कारण सकाळी टँकर आला की घरात ड्रम भरायला दुसरे कोणी नसते. हे मला माहीत होते, त्यालाही माहीत होते. तरी त्याच्या वहीत नदी झुळझुळत होती.

मी त्याला विचारले, "तुझ्या गावात नदी कोणती रे?"

म्हणाला, "सर, गाईडमध्ये आहे."

"आणि गावात?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, आमच्या गावात लिहिण्यासारखं आहे काय?"

हा प्रश्न वर्षभर माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मला त्या मुलाचा राग आला नाही. त्याला असे वाटायला लावणाऱ्यांत मीही आहे, कारण वीस वर्षे मी हाच निबंध देत आलो आणि अशाच नद्यांना दहापैकी सात गुण देत आलो. हा लेख त्याबद्दल आहे.

लिहिण्यासारखे गाव म्हणजे कसले गाव? आपल्या मनात एक चित्र पक्के बसले आहे. हिरवळ, ओढा, जुने चर्चसारखे एखादे देऊळ, संथ माणसे. खरे तर हे चित्र बरेचसे इंग्रजी वाचनमालेतून आलेले आहे आणि मग भाषांतरांतून आपल्या गाईडमध्ये उतरले आहे. तर मग त्या इंग्रजी गावाकडेच एकदा नीट पाहू.

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशायर परगण्यात सेलबोर्न नावाचे छोटे गाव आहे. तिथे १७२० साली गिल्बर्ट व्हाइट नावाचा माणूस जन्मला. शिकायला ऑक्सफर्डला गेला, पाद्री झाला, आणि आयुष्याचा मोठा भाग त्याने त्याच गावात काढला. त्याने मोठे शोधप्रवास केले नाहीत, राजदरबारी मिरवला नाही. तो फक्त बघत राहिला आणि जे पाहिले ते तारीख घालून लिहीत राहिला. पाकोळी यंदा कधी आली, थंडीने कोणते झाड मेले, पाऊस किती पडला, गांडुळे जमिनीला काय करतात. दोन जाणकार मित्रांना त्याने पत्रे लिहिली आणि त्या पत्रांचे पुस्तक १७८९ साली निघाले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. क्रांतीच्या गदारोळात एका खेड्यातल्या पाखरांचे पुस्तक कोण वाचणार? पण ते पुस्तक आजही छापले जाते, आजही वाचले जाते.

त्याने केलेले एक काम मी मुलांना नेहमी सांगतो. एका जातीची चिमुकली, हिरवट पिवळसर पाखरे गावाच्या झाडीत येत. सगळी सारखीच दिसत, म्हणून लोक त्यांना एकच पक्षी समजत. व्हाइटने कान देऊन ऐकले. आवाज तीन होते. म्हणजे पक्षी तीन होते. त्यासाठी त्याच्याकडे दुर्बीण नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. एकाच झाडीखाली वर्षानुवर्षे उभे राहण्याची चिकाटी होती.

त्याच्या बागेत एक कासव होते, आत्याकडून आलेले. त्याचे नाव टिमथी, म्हणजे पुरुषाचे. ते कधी जमिनीत शिरते, कधी बाहेर येते, पावसाला कसे घाबरते, हे तो लिहीत असे. त्या कासवाचे कवच आज लंडनच्या संग्रहालयात आहे आणि मागाहून तपासणी झाली तेव्हा कळले की टिमथी मादी होती. इतकी वर्षे पाहूनही माणूस चुकू शकतो, हेही मुलांना कळले पाहिजे. पण त्याने लिहून ठेवले होते म्हणून चूक दुरुस्त करता आली. न लिहिलेल्या गोष्टीची चूकसुद्धा कुणाला सापडत नाही.

आता सेलबोर्नमध्ये असे काय होते जे आमच्याकडे नाही? मी प्रामाणिकपणे सांगतो, फार काही नाही. फरक एवढाच की तिथे एक लिहिणारा होता.

येवल्याहून मनमाडकडे निघा. डाव्या-उजव्या हाताला कांदा, मका, मोकळी रानं. मनमाड जवळ आले की आकाशात अंगठा उभा केल्यासारखा एक सुळका दिसतो, हडबीची शेंडी. आणि त्याच्या शेजारी एकमेकांना खेटून उभे दोन डोंगरी किल्ले, अंकाई आणि टंकाई. पायथ्याशी अंकाई गाव. रेल्वेचे स्टेशन आहे, पण शिर्डीला जाणारे लाखो प्रवासी खिडकीतून ते बघतात आणि मोबाइलमध्ये डोके घालतात.

या एका गावाच्या अंगाखांद्यावर काय काय आहे ते मोजू. डोंगर लाव्हारसाचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. टंकाईच्या पोटात जैन लेणी आहेत, सुमारे अकराव्या-बाराव्या शतकातली, दारावरची कोरीव नक्षी अजून शाबूत. अंकाईवर चढले की अगस्ती ऋषींचे स्थान आहे आणि माथ्यावर तलाव. म्हणजे एकाच डोंगरावर लेणीत जैन आणि माथ्यावर हिंदू श्रद्धा शेजारी नांदते. १६३५ साली शहाजहानचा सरदार खानखानान याने हा किल्ला घेतला, तोही लढून नव्हे, किल्लेदाराला लाच देऊन. सतराव्या शतकात तेव्हनो नावाचा फ्रेंच प्रवासी सुरतेहून औरंगाबादकडे जाताना अंकाईच्या मुक्कामाची नोंद करतो. पुढे निजाम, मराठे, आणि १८१८ मध्ये इंग्रज. एवढे सगळे एका डोंगरावर, आणि आमचा मुलगा विचारतो, लिहिण्यासारखं आहे काय?

तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला ममदापूर, राजापूर. माळरान, बोरी-बाभळी, उन्हात तापलेली जमीन. आणि त्या माळावर काळवीट. काळ्या पाठीचा, पिळदार शिंगांचा नर आणि त्याच्या मागे फिकट तपकिरी माद्यांचा कळप. ममदापूरचे काळवीट संवर्धन राखीव क्षेत्र सुमारे ५४ चौरस किलोमीटर आहे. उन्हाळ्यात पाण्यासाठी ही हरणे वस्तीकडे येतात, विहिरीत पडतात, कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. पेरणीनंतर शेतात शिरतात तेव्हा शेतकऱ्याचे नुकसान होते, आणि तो चिडतो तेही खरे आहे. हरीण आणि शेतकरी, दोघांनाही पाणी हवे आहे आणि पाणी कमी आहे. आमच्या तालुक्याचा सगळा निबंध या एका वाक्यात आहे. गाईडच्या नदीत तो बुडून जातो.

कुणी म्हणेल, सर, हे सगळे गॅझेटियरमध्ये आहे. बरोबर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्याचा खंड १८८३ साली निघाला आणि आजही अंकाईबद्दल काही शोधायचे तर माणूस तिथेच जातो. पण जरा विचार करा. आमच्या गावाचे वर्णन आम्हाला अजून इंग्रज साहेबाच्या कारभारासाठी लिहिलेल्या ग्रंथातून काढावे लागते. साहेबाला सारा गोळा करायचा होता, किल्ला पुन्हा कुणाच्या हाती जाऊ नये हे पाहायचे होते. त्याने त्याच्या कामाचे लिहिले आणि चांगले लिहिले. आमच्या कामाचे कोण लिहिणार?

मराठीत एका माणसाने लिहिले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली निघाला. आत्रे महसूल खात्यात नोकरीला होते, गावे पायाखाली घातलेली होती. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, फिरस्ते, बाजार, जत्रा, कर्ज, सगळे त्यात आहे. त्यात मुलाणीही आहे. मला हे फार महत्त्वाचे वाटते. महाराष्ट्राच्या खेड्यात मुसलमान कुठून तरी येऊन टपकलेला पाहुणा नव्हता. तो गावगाड्याच्या कारूनारूंतला एक होता. गावाच्या जत्रेत बकरे कापायला मुलाणी लागायचा, त्याचा हक्क ठरलेला असायचा. पिंजारी, तांबोळी, आतार, मणियार यांच्याशिवाय बाजार भरत नसे. हे ज्याने आपल्या गावाचे नीट पाहिले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. ज्याने पाहिलेले नाही त्याला काहीही सांगता येते.

आणि इथे खरा धोका आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलांना अंकाईला नेले. चढताना एका मुलाने मला हळूच विचारले, "सर, हा किल्ला त्यांचा आहे की आपला?" मी दोन पायऱ्या तसाच चढलो. बारा-तेरा वर्षांच्या पोराला हा प्रश्न कुठून सुचला? मोबाइलमधून, आणखी कुठून? गावाबद्दल गावाने लिहिले नाही की मोबाइल लिहितो. आणि मोबाइलवर गावाला दोनच बाजू असतात, 'त्यांची' आणि 'आपली'. लेणी कोरणारा जैन, अगस्तीला नवस बोलणारी बाई, पैसे खाणारा किल्लेदार, पायथ्याशी शेळ्या चारणारा, यांना तिथे जागाच नसते.

मी त्याला म्हणालो, "तू कुठल्या तालुक्यात राहतोस?" म्हणाला, "येवला." "मग हा किल्ला येवला तालुक्याचा आहे." उत्तर पुरेसे नव्हते, मला माहीत आहे. पुरेसे उत्तर पायऱ्यांवर देता येत नाही, ते रोज थोडे थोडे शिकवावे लागते.

भाषेपासूनच सुरुवात करता येते. मी वर्गात फळ्यावर एक साधा पत्ता लिहितो. मु. पो., तालुका, जिल्हा. मु. म्हणजे मुक्काम. मुक्काम, तालुका, जिल्हा, तिन्ही शब्द अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आले. सातबाऱ्यावर 'मौजे अंकाई' असते, मौजे म्हणजे मौज़ा. शेतकरी खरीप पेरतो आणि रब्बीची वाट बघतो. अरबीत ख़रीफ़ म्हणजे शरद आणि रबी म्हणजे वसंत. जमीन जिरायत की बागायत, हेही शब्द त्याच वाटेने आले. वारकरी असो की हाजी, शेतात उतरला की दोघांच्या तोंडी तेच शब्द. मुलांचे डोळे मोठे होतात. मग मी उलटे दाखवतो. तुमच्या घरच्या दखनी बोलीत 'नक्को', 'कायकू', आणि ठासून सांगायचे असेल तेव्हा शब्दामागे लागणारा तो 'च' कुठून आला? मराठीतून. हिशेब फिटला.

आता आमच्या समाजाला एक कडू गोष्ट सांगायची आहे. आम्ही मुलांना बगदाद सांगतो, कुर्तुबा सांगतो, समरकंद सांगतो. सांगावेच, तो ज्ञानाचा वारसा आहे. पण ज्या गल्लीत मुलाचा जन्म झाला तिच्याबद्दल आम्ही गप्प असतो. येवल्यात हातमागावर पैठणी विणली जाते हे जगाला माहीत आहे, पण आपल्या ओळखीचा कारागीर ताण्याला काय म्हणतो, बाण्याला काय म्हणतो, हे आमच्या किती मुलांनी विचारले? संक्रांतीला तीन दिवस सगळे येवले गच्चीवर असते, आसारी हातात घेऊन. त्या आसारीला धर्म नसतो. पतंग कोण बनवतो, मांजा कोण करतो, आसारीचे लाकूड कोण घडवतो, हे कुठे लिहिलेले आहे? कुर्तुबाची मशीद आम्हाला पाठ आहे आणि शेजारच्या आळीतला कारागीर अनोळखी.

दुसऱ्या बाजूलाही सांगायचे आहे. गावाबद्दल लिहा म्हणजे गावाबद्दल गोड लिहा, असे नाही. आपले येवले त्याला साक्ष आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. ज्या जागेला आज आपण मुक्तिभूमी म्हणतो. आणि पुढे संविधान सभेत, ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात, खेड्याचे गुणगान करणाऱ्यांना त्यांनी कठोर शब्दांत सुनावले होते. गाव त्यांनी पाणवठ्यावरून पाहिले होते, वेशीबाहेरून पाहिले होते. म्हणून गावाची वही लिहायची तर विहीर किती खोल हे लिहून भागणार नाही. त्या विहिरीवर पूर्वी कोण चढू शकत होते आणि कोण नाही, हेही लिहावे लागेल. आमच्या मोहल्ल्यातही बिरादऱ्या आहेत, लग्न कुठे जुळते आणि कुठे नाही, तेही लिहावे लागेल.

सेलबोर्नही काही स्वर्ग नव्हता. व्हाइट १७९३ मध्ये वारला. १८३० मध्ये त्याच गावातल्या शेतमजुरांनी उपासमारीला कंटाळून तिथल्या अनाथालयवजा कामघरावर हल्ला केला. व्हाइटच्या पुस्तकात पाखरांची बोली अचूक आहे, मजुरांची फारशी ऐकू येत नाही. आत्र्यांच्या पुस्तकात माणसे आहेत, पण त्यांच्याकडे पाहणारी नजर सरकारी अंमलदाराची आहे. आपल्याला दोन्हींहून पुढे जायचे आहे. पाखरूही लिहायचे आणि मजूरही. आणि लिहिणारा त्या मजुराचा मुलगा असला पाहिजे.

अभ्यासक्रमाला नावे ठेवणे सोपे आहे. तिसरीला परिसर अभ्यासात आपला जिल्हा असतो. पुढे मुलगा जसजसा मोठा होतो तसतसा परिसर लहान होत जातो. दहावीपर्यंत त्याला जगातल्या महायुद्धांची कारणे येतात, पण त्याच्या गावची विहीर कोणत्या साली खणली ते येत नाही. हे बदलावे असे मला वाटते. पण सरकार बदलेपर्यंत थांबायचे कारण नाही. सेलबोर्नमध्ये सरकारने काही केले नव्हते.

आम्ही गेल्या वर्षी एक साधी गोष्ट सुरू केली. दोनशे पानी वही, दर शनिवारी एक तास. डाव्या पानावर उर्दू, उजव्या पानावर मराठी. नियम तीनच. तारीख घालायची. डोळ्यांनी पाहिलेले किंवा माणसाच्या तोंडून ऐकलेले लिहायचे, आणि कुणाकडून ऐकले ते लिहायचे. गाईडमधले वाक्य आले तर पान फाडायचे.

सुरुवातीला पाने बरीच फाटली. मग हळूहळू वही भरू लागली. एका मुलीने आजोबांकडून मागाचे शब्द गोळा केले. धोटा, कांडी, ताणा, बाणा, आणि पदरावरचा बांगडी मोर. एकाने आपल्या शिवारातल्या शेतांची नावे लिहिली. कागदावर त्यांना फक्त गट नंबर आहे, पण आजीच्या तोंडी प्रत्येक तुकड्याला नाव आहे. एकाने टँकर किती दिवसांनी येतो याचा तक्ता केला. हा तक्ता उद्या कुणी ग्रामसभेत ठेवला तर त्याला उत्तर द्यावे लागेल. वहीची ताकद इथे आहे. निबंधाला गुण मिळतात, नोंदीला उत्तर द्यावे लागते.

शिक्षक मित्रांना माझी विनंती एवढीच आहे. आपल्या तालुक्यात जेवढ्या शाळा आहेत, तेवढ्या वह्या होऊ द्या. जिल्हा परिषदेची, उर्दू, खासगी, आश्रमशाळा, सगळ्यांच्या. वर्षाच्या शेवटी त्या एकमेकांना वाचायला द्या. अंकाईच्या पायथ्याच्या मुलाने ममदापूरची हरणे वाचावीत, आणि मोहल्ल्यातल्या मुलीने वाडीवरच्या जत्रेचे वाचावे. पुढच्या वेळी पायऱ्या चढताना 'त्यांचा की आपला' हा प्रश्न कदाचित पडणार नाही. पडलाच तर उत्तर द्यायला दोनशे पाने हाताशी असतील.

यंदा जूनमध्ये मी पुन्हा तोच विषय दिला. तो मुलगा आता दहावीत आहे. त्याने निबंधाची सुरुवात अशी केली : 'आमच्या गावात नदी नाही. टँकर येतो. टँकरच्या रांगेत माझी आजी सगळ्यांच्या पुढे असते, कारण ती फजरच्या नमाजनंतर झोपत नाही.'

शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. मी दहापैकी नऊ दिले. एक गुण राखून ठेवला आहे, त्याच्या वहीतला टँकरचा तक्ता पूर्ण झाला की देईन.